एक आवर्तन उशिरा

“हॅलो, तळणीहून बोलतोय,” मी मायक्रोफोनमध्ये म्हणालो आणि हेडफोन कानांवर दाबून थांबलो. काही नाही. लाईन मेली की काय, असं मी हातानंच ढवळेबाईंना विचारलं, आणि तेवढ्यात माझ्याच आवाजातला कुणी माणूस माझ्या कानात म्हणाला, “हॅलो, तळणीहून बोलतोय.”

“चार सेकंद,” ढवळेबाई मोबाईलमधलं स्टॉपवॉच बघत म्हणाल्या. “तीनदा मोजलं. चारच येतात.”

“हे कधी दुरुस्त होईल?”

“दुरुस्त काय करायचं, सर? हे बरोबरच चाललंय.”

ढवळेबाई आमच्या केंद्राच्या सहायक अभियंता. वय सत्तावीस, आणि वाईट बातमी कुठल्याही अलंकाराशिवाय देण्याची हातोटी. त्यांनी मला समजावून सांगितलं. जुन्या रेडिओत आवाज जसाच्या तसा धावत सुटतो आणि निघाला त्या क्षणीच पोचतो. डिजिटलमध्ये तो आधी आकड्यांत मोडायचा, आकड्यांचे गठ्ठे बांधायचे, गठ्ठे आपसांत मिसळायचे म्हणजे वाटेत एखाददुसरा हरवला तरी भागतं, आणि मग समोरच्या संचानं सगळे गठ्ठे गोळा होईपर्यंत थांबून पुन्हा आवाज जुळवायचा.

“म्हणजे आपल्या ऑफिसातली फाईल,” मी म्हणालो.

“फाईल चार सेकंदांत येत नाही, सर.”

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. कार्यक्रम साडेअकराला होता, थेट प्रक्षेपण.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या सरकारी रेडिओ केंद्रावर कार्यक्रम अधिकारी होतो. म्हणजे कार्यक्रम बिघडला तर अधिकारी मी आणि चांगला झाला तर केंद्र संचालक. संचालक होते मैंदर्गीकरसाहेब. त्या दिवशी आमच्या डिजिटल प्रक्षेपणाचं उद्घाटन होतं. जुना आणि नवा ट्रान्समीटर एकाच मनोऱ्यावर असल्यामुळे उद्घाटनाच्या तासात जुना बंद ठेवायचा होता, आणि जुना बंद म्हणजे जिल्ह्यातले सगळे साधे रेडिओ बंद. डिजिटल संच जिल्ह्यात एकूण चौदा होते. नऊ आमच्याच केंद्रात, तीन पाहुण्यांना भेट द्यायला, एक तळणीच्या या सभागृहात आणि एक जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर, तो बहुधा खोक्यातच. रेडिओ नव्या रूपात घरोघर पोचावा म्हणून आम्ही तासभर घरोघरचा रेडिओ बंद करणार होतो.

मैंदर्गीकरसाहेबांचं म्हणणं असं, की नुसती फीत कापून भागणार नाही. अंतर मिटल्याचं लोकांना दिसलं पाहिजे. म्हणून एका गावात तबला आणि दुसऱ्या गावात त्याची साथ असा कार्यक्रम त्यांनी काढला. हार्मोनियम शहरातल्या स्टुडिओत आणि तबला साठ किलोमीटरवर तळणीच्या सहकारी संघाच्या सभागृहात. मंचाच्या मागे फलक लावला होता, ‘अंतर मिटले!’ उद्गारचिन्ह साहेबांनी स्वतः सुचवलं होतं.

एकट्याच्या तबल्याला लेहरा लागतो. लेहरा म्हणजे हार्मोनियमवर पुन्हा पुन्हा फिरणारी एकच ओळ. तबलजीनं त्या ओळीच्या आधारानं हवे ते खेळ करायचे, पण दर फेरीच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, दोघांची गाठ पडली पाहिजे. त्या फेरीला आवर्तन म्हणतात. गाठ पडली नाही तर बाकी कितीही सुंदर वाजवलेलं असो, ऐकणारा एवढंच म्हणतो की सम चुकली.

तळणीहून स्टुडिओकडे जाणारी टेलिफोनची एक लाईन आम्ही घेतली होती. तिच्यावरून तबला वेळच्या वेळी पोचत होता. स्टुडिओतून इकडे येणारी दुसरी लाईन मागितली, तर ती फाईल ‘गरज काय?’ असा शेरा घेऊन परत आली. शेराही खोटा नव्हता. बाहेरच्या कार्यक्रमांत आम्ही वर्षानुवर्षं एकच करत आलो होतो. शेजारी रेडिओ लावायचा आणि स्टुडिओ काय म्हणतोय ते रेडिओवरच ऐकायचं. तिकडे ‘आता आपण जाऊ या अमुक गावी’ असं झालं की इकडे आम्ही तोंड उघडायचो. त्या सवयीत आम्ही इतके मुरलो होतो, की नव्या संचाला ती सवय आहे का, हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

आता हिशोब असा झाला. स्टुडिओतला लेहरा तळणीला चार सेकंदांनी ऐकू येणार. त्यावर वाजवलेला तबला स्टुडिओत लगेच पोचणार. म्हणजे स्टुडिओत सम होऊन चार सेकंद झाल्यावर तबला म्हणणार, मी आलो. भर म्हणून स्टुडिओतून परत येणाऱ्या आवाजात तबलाही असणार, कारण प्रक्षेपण दोघांचं मिळून आहे. म्हणजे वाजवणाऱ्याच्या कानात स्वतःचे चार सेकंदांपूर्वीचे बोल घुमत राहणार.

आणि वाजवणारे होते यशवंत गुरव.

गुरवबुवा आमच्या केंद्राचे कर्मचारी तबलावादक. सव्वीस वर्षं त्यांनी गायकांना, सतारवाल्यांना, भजनी मंडळांना, बालसभेतल्या पोरांना आणि एकदा कुटुंबनियोजनाच्या जिंगललाही साथ केली होती. त्यांचा स्वतःचा स्वतंत्र कार्यक्रम कधी झाला नाही. कर्मचाऱ्याला स्वतंत्र कार्यक्रम द्यावा असा नियम नव्हता, देऊ नये असाही नव्हता. त्या महिन्याच्या एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते. उद्घाटनासाठी साहेबांना बाहेरचा कुणी नामांकित तबलावादक हवा होता, पण बाहेरच्याला करार लागतो आणि कराराला तीन सह्या लागतात. बुवा सहीशिवाय मिळत होते. अशी बारा मिनिटं त्यांच्या वाट्याला आली. पहिली आणि शेवटची.

मी मंचावर गेलो. कडक इस्त्रीचा झब्बा घालून बुवा हातोडीनं तबला लावत बसले होते.

“बुवा, एक अडचण झालीय.”

“एकच?” त्यांनी हातोडी खाली ठेवली. “मग बोला.”

मी सांगत होतो तेवढ्यात मैंदर्गीकरसाहेब आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फलकाकडे एकदा बघितलं आणि प्रश्न सोडवून टाकला.

“सोपं आहे. लायब्ररीत उत्तमोत्तम तबल्याच्या टेपा आहेत. स्टुडिओतून त्यातली एक लावायची. बुवा इथं नुसते हात फिरवतील.”

“म्हणजे?” बुवांनी विचारलं.

“म्हणजे वाजवायचं, पण हळू. प्रक्षेपणात टेप जाईल. दिल्लीचे पाहुणे समोर बसतील, त्यांना हात दिसले की झालं. कुणाला काय कळणार?”

मी बुवांकडे बघायचं टाळलं. ढवळेबाई वायरकडे बघायला लागल्या. बुवांचा आवाज मात्र जराही वर गेला नाही.

“साहेब, टेपेवर कोण असेल?”

“ते तुम्ही ठरवा! तुमच्या आवडीचे कोणी उस्ताद घ्या.”

“उस्तादांच्या तबल्यावर हात मी फिरवायचे. लग्न लागलेल्या मांडवात दुसऱ्यानंच हार घालून उभं राहावं तसं.” बुवांनी झब्ब्याची बाही नीट केली. “मला वीस मिनिटं द्या. नाही जमलं तर फिरवतो हात.”

“नक्की?”

“साहेब, सव्वीस वर्षं मी गायकांच्या मागं बसलोय. त्यातले निम्मे चार सेकंद उशिराच असायचे.”

साहेब पाहुण्यांच्या चहाकडे गेले. बुवांनी हेडफोन मागितला. रेडिओला दोन हेडफोन लावता येत होते, दुसरा मी घातला.

“ढवळेबाई, मी टाळी दिली की ती परत येईल ना कानात?”

“चार सेकंदांनी, काका.”

“सेकंद तुमच्याकडे ठेवा. मी मात्रा मोजतो.”

त्यांनी एक टाळी वाजवली आणि तोंडानं तीनतालाचे बोल म्हणायला लागले. नेहमीच्या चालीत. सोळा मात्रांच्या अर्ध्यावर त्यांची टाळी परत आली आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. “अर्ध्यात आला. समेला बोलावलेला माणूस ‘खाली’वर, नवव्या मात्रेवर पोचला.” मग चाल वाढवली. बोल इतके धावायला लागले की जीभ अडखळेल. टाळी बरोबर समेवर आली. “बसतंय, पण एवढ्या पळत बारा मिनिटं काय वाजवणार? आगगाडी आहे का?” त्यांनी झपताल धरून पाहिला, दहा मात्रा. मान हलवली, नाही म्हणाले नाही, पण खूशही झाले नाहीत. मग मांडीवर बोट आपटलं आणि टाळी दिली.

“तीं तीं ना, धीं ना, धीं ना.”

दुसऱ्या फेरीचा ‘तीं’ तोंडातून बाहेर पडत असतानाच हेडफोनमध्ये टाळी वाजली. नेमकी त्याच्यावर. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

“रूपक,” बुवा म्हणाले. “सात मात्रा. तुमचे चार सेकंद म्हणजे रूपकाचं एक आवर्तन. एवढंच होतं होय?”

मला कळायला वेळ लागला. लेहरा दर फेरीला तीच ओळ वाजवतो. बुवांना ती एक फेरी उशिरा ऐकू येणार, पण बरोबर एकच फेरी, ना कमी ना जास्त. तिकडे सातवी फेरी सुरू होताना ते सहावीच्या समेवर हात टाकणार, आणि ऐकणाऱ्याला सम ती समच.

“पण काका,” ढवळेबाई म्हणाल्या, “हे या एकाच लयीत जमेल. लय केसभर जरी हलली...”

“तर सगळं फाटेल. हो.”

“आणि तबल्याच्या सोलोत लय चढवत नेतात ना?”

“नेतात. आज नाही न्यायची.” त्यांनी हेडफोन काढला. “आता प्रश्न फक्त बाबालालचा.”

बाबालाल इनामदार आमचे हार्मोनियमवादक, शहरातल्या स्टुडिओत लेहरा धरून बसलेले. दोघांची एकोणीस वर्षांची जोडी. एकमेकांशी भांडल्याशिवाय त्यांनी एकही कार्यक्रम सुरू केल्याचं मला आठवत नाही. तळणीत मोबाईलची रेंज फक्त सभागृहामागच्या पाण्याच्या टाकीवर मिळायची. मी म्हणालो, मी वर जाऊन निरोप देतो. बुवा म्हणाले, “लय निरोपानं जात नाही.” आणि निवृत्तीला अठरा दिवस राहिलेला तो माणूस इस्त्रीचा झब्बा सावरत लोखंडी शिडीनं टाकीवर चढला. मागोमाग मी. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

“बाबालाल, तीनताल रद्द. रूपक.”

“का रे बाबा? महिनाभर तीनतालाचा लेहरा घोटतोय मी.”

“घोटलास ते वाया नाही जायचं, घरी वाजव. आत्ता रूपक. मी लय देतो ती धर आणि बारा मिनिटं तिला हात लावू नकोस.”

“मी कधी हात लावतो?”

“एकोणीस वर्षं लावतोयस. खुशीत आलास की पळतोस.”

“तू खूश करतोस म्हणून पळतो. चुकतंय कुणाचं?”

“आज नाही करणार खूश.”

“तेवढं तुला जमणार नाही, गुरव,” फोनमधून इनामदार म्हणाले. “बोल, दे लय.”

बुवा टाकीच्या कठड्यावर हात आपटत बोल म्हणायला लागले. तिकडून हार्मोनियमची ओळ त्यावर आली, जराशी मागून. “फोनवर तर मागेपुढे होतंय,” मी पुटपुटलो.

“सम होतीय. लय नाही होत,” बुवा बोल न थांबवता मधल्या श्वासात म्हणाले. “घड्याळ पाठवायला उशीर झाला म्हणून त्याचं मिनिट लांबत नाही.”

दोघांनी ती लय पाच मिनिटं नुसती फिरवली. खाली रस्त्यावर एक बाई पाण्याची कळशी घेऊन उभी राहून वर बघत होती. टाकीवरचा म्हातारा कठडा बडवत ‘धीं ना धीं ना’ ओरडतोय, यात तिला काही गैर वाटलेलं दिसलं नाही. तिनं कळशी भरली आणि ती गेली.

उतरताना मी विचारलं, “चार सेकंदांचं त्यांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं तर विचार करत वाजवेल. विचार करून लेहरा वाजवायला लागला की माणूस गेला कामातून.”

साडेअकरा वाजले. माझं निवेदन मी घड्याळ बघून सुरू केलं, कारण स्टुडिओनं ‘आता आपण जाऊ या तळणीला’ म्हटलेलं माझ्या कानात यायच्या आत मला बोलायला लागणार होतं. मी श्रोत्यांना नमस्कार केला तेव्हा माझ्या कानात स्टुडिओतली निवेदिका अजून हवामान सांगत होती. मी बुवांचं नाव घेतलं, रूपक म्हणालो आणि बाजूला झालो. सभागृहात दोनशे माणसं होती. त्यांना लेहरा ऐकू येणार नव्हता. भोंग्यावर सोडला असता तर तो पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला असता. त्यांच्या दृष्टीनं एक माणूस कानांना डबे लावून एकटाच तबला वाजवायला बसला होता. पहिल्या रांगेत दिल्लीचे पाहुणे, शेजारी मैंदर्गीकरसाहेब. साहेबांच्या खिशात स्टुडिओला पाठवायचा टेपेचा नंबर लिहिलेला कागद होता. त्यांनी तो अजून टाकला नव्हता.

हेडफोनमध्ये लेहरा आला. दोन आवर्तनं बुवा नुसते ऐकत राहिले. मग हात पडला.

मी डोळ्यांनी त्यांचे हात बघत होतो आणि कानांनी त्यांचं मागचं आवर्तन ऐकत होतो. हात एक करत होते आणि आवाज दुसराच येत होता. पण सम आली की दोन्ही जागेवर. बुवांची मान खाली जायची आणि कानातही त्याच क्षणी सम पडायची. दिसणारी सम वेगळी, ऐकू येणारी वेगळी, पण दोघींची गाठ चुकत नव्हती. पेशकार, म्हणजे सुरुवातीचं सावकाश वादन, झाला. बुवा आरामात होते. मग त्यांनी कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची एक बांधणी, घेतला, आणि तेच बोल फिरवून एक फार सुंदर पलटा वाजवला. इतका सुंदर की मला ताल फारसा कळत नसूनही मी मान डोलावली.

स्टुडिओत इनामदारांनीही डोलावली असणार. कारण दोन आवर्तनांत काहीतरी बिनसलं. कानातला लेहरा आणि कानातला तबला इतका वेळ एक होते. आता चादर नीट घडी न झाल्यासारखी त्यांची दोन टोकं वेगवेगळी दिसायला लागली. अगदी केसभर. ढवळेबाईंनी माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांच्या शेजारी भेटीच्या संचांपैकी एक प्रदर्शनासाठी कमी आवाजात लावलेला होता. त्यावरून साहेबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांचा हात खिशाकडे गेला.

बुवांनी कायदा सोडून दिला. हात सपाट केले आणि साधा ठेका धरला. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. एक बोल जास्त नाही, एक कमी नाही, वजन प्रत्येकावर सारखं. ऐकणाऱ्याला वाटावं, विसावा घेतायत. मला मात्र इनामदारांनी मागे एकदा कँटीनमध्ये सांगितलेलं ठाऊक होतं, की गुरव सरळ ठेका वाजवायला लागला की समजायचं तो शिव्या देतोय.

शिवी लाईनवरून लगेच पोचली. माफी चार सेकंदांनी आली. लेहरा मागे सरला, नरमला, आणि टोकाला टोक जुळलं. बुवांनी आणखी एक आवर्तन तसंच कोरडं वाजवलं, खात्रीसाठी किंवा शिक्षा म्हणून, आणि मग कायदा सोडला होता तिथून पुन्हा उचलला. साहेबांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

आठव्या मिनिटाला मात्र साहेबांनी चिठ्ठी पाठवली. ती मीच नेऊन बुवांसमोर धरली. ‘जरा फास्ट घ्या. पाहुणे घड्याळ बघतात.’

बुवांनी ठेका चालू ठेवतच चिठ्ठी वाचली.

“लय नाही वाढवायची,” मी त्यांच्या कानाशी कुजबुजलो, जणू त्यांना ते माहीत नव्हतं.

“लय कशाला? साहेबांना वेग हवाय.” आणि त्याच सात मात्रांत त्यांनी दुप्पट बोल भरले. मग चौपट. लेहरा आपला त्याच चालीनं शांत फिरत होता आणि त्याच्या पोटात बोटांचा पाऊस चालला होता. सभागृहात पहिल्यांदा टाळी पडली. पाहुण्यांनी घड्याळाचा हात मांडीवर ठेवला आणि तो पुढं तिथंच राहिला.

यानंतरचं सरकारी काम थोडक्यात सांगतो. दिल्लीचे पाहुणे फार खूश झाले. साठ किलोमीटरच्या अंतरावरून एवढी अचूक संगत त्यांनी ऐकली नव्हती. मैंदर्गीकरसाहेबांनी अहवाल सांगितला, मी लिहिला. ‘ध्वनिविलंब’ असा एक रकाना होता. त्यात ‘आढळला नाही’ असं लिहायचं ठरलं. मी म्हटलं, साहेब, चार सेकंद आहे. ते म्हणाले, “तुम्हाला आढळला का कार्यक्रमात?” आढळला नव्हता. मी सही केली. त्या अहवालाच्या आधारावर आणखी तीन केंद्रांवर हाच प्रयोग झाला. तीनतालात. त्याबद्दल मी ऐकीव माहितीवर काही बोलणार नाही. बुवा ठरल्या तारखेला निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांना ‘डिजिटल युगाचे पहिले तबलावादक’ म्हटलं आणि इनामदार मागच्या रांगेत मोठ्यानं खोकले.

मला सांगायचं होतं ते हे नव्हे. मला सांगायचं होतं ते तळणीला शेवटची तिहाई समेवर पडली त्या क्षणाचं.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल नेमका समेवर. बुवांनी तीन आवर्तनांची तिहाई घेतली होती. पहिला फेरा, दुसरा, तिसरा, आणि हात थाडकन समेवर आला. संपलं. सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. पाहुणे उभे राहिले. साहेब पुष्पगुच्छ घेऊन मंचाची पायरी चढायला लागले.

त्याच क्षणी बुवांनी एक हात वर केला. थांबा, असा.

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. साहेब एक पाय पायरीवर ठेवून थबकले. मला वाटलं, काही राहिलं, काही चुकलं. बुवांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि मान थोडी कलती केली. मग मला माझ्या कानात काय चाललंय ते ऐकू आलं.

तिहाईचा तिसरा फेरा अजून यायचा होता. तो आत्ता येत होता. रेडिओवर यशवंत गुरव वाजवत होते, आणि माझ्यासमोर यशवंत गुरव हात मोकळे टाकून ते ऐकत बसले होते. ते सात मात्रांचं आवर्तन मी पुढं कधी तेवढं लक्ष देऊन ऐकलेलं नाही. बोल आले, वळले, चढले आणि शेवटचा नेमका समेवर बसला, लेहऱ्याची पहिली सुरावट आणि तो बोल यांच्यात कागद सरकवायला जागा नाही. हार्मोनियम थांबली. पाठोपाठ उघड्या राहिलेल्या मायक्रोफोनवर स्टुडिओतून इनामदारांचा आवाज आला, “हाऽऽ, गुरव!”

बुवांनी डोळे उघडले आणि हेडफोन काढला. लोकांना काय झालं ते कळलं नव्हतं, तरी टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

“काय झालं, बुवा?” मी खाली वाकून विचारलं.

“काही नाही हो. ऐकत होतो.” त्यांनी तबल्यावर चादर टाकली. “रेडिओवर मी लागलेला असतो तेव्हा मी नेहमी कामात असतो. आज एक आवर्तन सुट्टी मिळाली.”

“मग? कसा वाटला?”

नव्या कलाकाराची परीक्षा घ्यायला बसवल्यासारखे ते क्षणभर विचारात पडले.

“वाजवतो बरा,” ते म्हणाले.